निओडिमियम : थोडक्यात

- ओळख : संज्ञा एनडी, अणुक्रमांक ६०. लँथनाइड गटातील दुर्मीळ मृदा धातू.
- शोध : १८८५, व्हिएन्ना. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी आधी एकच मूलद्रव्य समजल्या गेलेल्या ‘डिडिमियम’मधून निओडिमियम व प्रासिओडिमियम वेगळे केले.
- गुणधर्म : रुपेरी, हवेत लवकर काळवंडतो, म्हणून खनिज तेलात ठेवतात. वितळणबिंदू सुमारे १,०२० अंश सेल्सियस.
- चुंबक : शुद्ध धातूचा नव्हे; निओडिमियम, लोह व बोरॉन यांच्या संयुगाचा. व्यापारी वापरातील कायम चुंबकांत सर्वांत शक्तिशाली. विजेवरच्या गाड्या, पवनचक्क्या, हेडफोन यांत वापर. तापल्यावर क्षमता घटते. ती टिकवण्यासाठी डिस्प्रोसियम मिसळतात.
- इतर उपयोग : १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे लेसर, जांभळट काच.
- दुर्मीळ किती? : भूकवचात शिशापेक्षा जास्त, पण विखुरलेला.
- भारतात : केरळ, तमिळनाडू, ओडिशा किनाऱ्यांवरील मोनाझाइटयुक्त वाळूत.