शेकेर म्हणजे साखर : कोन्याच्या हिरव्या-पांढऱ्या संघाची हकिकत



लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि हुमणी यांवर आम्ही या पानातून नेहमीच लिहितो. या अंकासाठी मात्र विषय घेतला आहे तुर्कस्तानातल्या एका फुटबॉल संघाचा. ऊस विकास खात्याला फुटबॉलचं काय पडलंय, असं कुणी म्हणेल. पण हा संघ काही हंगाम ज्या नावानं मैदानात उतरला, ते नाव शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याच्या मालाचं होतं. म्हणून ही हकिकत आपल्या कामाची आहे.

तुर्की भाषेत साखरेला 'शेकेर' म्हणतात. आपली 'साखर' आणि त्यांची 'शेकेर' या दोघी संस्कृत 'शर्करे'च्याच लेकी. एक इथं नांदली, दुसरी इराणमार्गे तिकडं गेली.

बीटाचा मुलूख

तिकडं साखर निघते ती बीटापासून. पांढरट, जाड मुळ्यासारखं हे पीक वसंतात पेरायचं, उन्हाळाभर पाणी द्यायचं आणि पाऊस-थंडीच्या तोंडावर उपटून कारखान्याला घालायचं. शंभर किलो बीटात साधारण पंधरा-सोळा किलो साखर असते. खोडवा ही भानगडच नाही. दरवर्षी पेरणी नवी, आणि पिकाची फेरपालट केली नाही तर रोग-किडींची गाठ.

तुर्कस्तानात १९२६ साली आल्पुल्लू आणि उशाक येथे पहिले दोन कारखाने सुरू झाले. पुढे एस्कीशेहिर आणि तुर्हाल येथे १९३३ व १९३४ मध्ये आणखी दोन निघाले. १९३५ साली हे चारही एका कंपनीखाली आले. कारखाना म्हटला की भोवती वसाहत, शाळा, सिनेमागृह आणि खेळाचं मैदान, हा तिकडचा रिवाज. राजधानी अंकारात तर साखर उद्योगाचा स्वतःचा 'शेकेरस्पोर' नावाचा संघ होता. तो देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळला. १९९७-९८ च्या हंगामानंतर मात्र खाली घसरला आणि परत वर आला नाही.

कोन्या हे शहर मध्य तुर्कस्तानच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर आहे. सेल्जुक सुलतानांची ही जुनी राजधानी, मौलाना रूमींची कबरही इथलीच. पाऊस वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या माण-सांगोल्यापेक्षाही कमी. तरी पाण्याच्या जोरावर बीट पिकतं. इथला साखर कारखाना १९५४ सालचा. जवळच चुमरा येथे २००४ मध्ये दुसरा उभा राहिला. कारखान्याची सूत्रं बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडं आहेत. साखरेवर न थांबता त्यांनी चॉकलेट, बिस्किटं, दूध असा माल 'तोर्कू' या नावानं बाजारात आणला.

दोन संघांचा एक संघ

आता संघाकडं येऊ. कोन्यास्पोर आपली परंपरा १९२२ पासून मोजतो. आजच्या नावाचा संघ १९६५ सालचा. त्याच गावात 'इदमानयुर्दू' नावाचा दुसरा संघ होता. एकाचा रंग काळा-पांढरा, दुसऱ्याचा हिरवा-पांढरा. एका गावात दोन गट असले की काय होतं, हे आम्ही सभासदांना वेगळं सांगायला नको.

१९८१ मध्ये दोन्ही संघ एक झाले. तोडगा असा निघाला की नाव कोन्यास्पोरचं राहिलं आणि रंग इदमानयुर्दूचा, हिरवा-पांढरा. दोघांनाही काहीतरी सोडावं लागलं आणि दोघांचंही काहीतरी टिकलं. बोधचिन्हावर दोन तोंडांचा सेल्जुक गरुड आहे. आपल्या गडांच्या दरवाजांवर गंडभेरुंड कोरलेला दिसतो, तसाच काहीसा.

एकीचं फळ सात वर्षांनी दिसलं. १९८८ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत गेला. पुढं मात्र चढ-उतार चालूच राहिले. १९९३ मध्ये खाली, २००३ मध्ये वर, २००९ मध्ये खाली, २०१० मध्ये वर आणि २०११ मध्ये परत खाली.

जर्सीवर कारखान्याचं नाव

अशा पडत्या काळात बीटवाल्यांचा कारखाना पाठीशी उभा राहिला. संघाचं नाव 'तोर्कू कोन्यास्पोर' झालं. २०१३ मध्ये संघ पुन्हा वरच्या श्रेणीत आला. २०१४ मध्ये ४२ हजार प्रेक्षकांचं नवं मैदान झालं. कोन्याच्या गाड्यांच्या नंबरपाटीवरचा आकडाही ४२ च आहे. २०१५-१६ च्या हंगामात संघ देशात तिसरा आला. जिथं इस्तंबूलचे गालातासराय, फेनेरबाहचे आणि बेशिकताश हेच वर्षानुवर्षं मान मारतात, तिथं पठारावरच्या गावानं तिसरं येणं ही लहान गोष्ट नव्हे.

नावाबरोबर जोखीमही येते. तोर्कूच्या नावाची सायकलस्वारांचीही तुकडी होती. २०१३ ची तुर्कस्तान सायकल शर्यत तिच्याच स्वारानं जिंकली, पण उत्तेजक औषध घेतल्याचं उघड होऊन ते विजेतेपद काढून घेण्यात आलं. जर्सीवर आपलं नाव असलं की मानाबरोबर बट्टाही आपल्याच नावाला लागतो.

चषक कुणाचा?

२०१६ मध्ये तोर्कूचं नाव निघालं आणि जर्सीवर वाहनांचे गॅस किट बनवणाऱ्या आतिकेर कंपनीचं नाव आलं. नेमक्या त्याच हंगामात, ३१ मे २०१७ रोजी, संघानं बाशाकशेहिरला पेनल्टीवर हरवून तुर्की चषक जिंकला. ऑगस्टमध्ये लीग विजेत्या बेशिकताशला २-१ असं हरवून सुपर चषकही आणला.

पैसा बीटवाल्यांनी आधी घातला आणि नाव दुसऱ्याचं झळकलं, असं कुणाला वाटेल. आमचं मत वेगळं आहे. संघ कोन्या गावचा होता आणि चषकही गावचाच झाला. नाव देणारे बदलले, पण हिरवा-पांढरा रंग बदलला नाही. शेकेरस्पोर कंपनीचा संघ होता. कोन्यास्पोर गावाचा होता, म्हणून पाठीराखा बदलला तरी तो उभा राहिला. २०२१-२२ मध्ये तो पुन्हा देशात तिसरा आला.

आपल्याकडंही कारखाने कुस्तीच्या आखाड्याला, कबड्डीला, शाळेच्या मैदानाला हातभार लावतात. वार्षिक सभेत त्यावर प्रश्न निघतो आणि तो निघायलाच हवा. पैसा टनामागं कापलेला, म्हणजे सभासदांच्या घामाचा असतो. तेव्हा प्रश्न विचारताना फलकावर नाव कुणाचं लागलं एवढंच पाहू नये. कारखान्यानं उद्या मदत थांबवली तर ते मैदान, ती तालीम गाव चालवील का, हेही विचारावं. उत्तर 'हो' असेल तर पैसा सत्कारणी लागला असं खुशाल समजावं.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी लिहू.

— ऊस विकास अधिकारी