फौजी अण्णांची नापासांची शाळा

नगरच्या सावेडीत निवृत्त फौजी राहत नाही अशी गल्ली शोधूनच काढावी लागेल. नगर हे लष्कराचे गाव. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटरही इथेच. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच जिल्ह्यातले, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. त्यामुळे माजी सैनिक आणि शिक्षण हे दोन शब्द एकत्र आले की नगरकराला पहिली आठवते ती भरती अकादमी. पहाटे मैदानावर धावणारी पोरे, शिट्टी फुंकणारे हवालदारसाहेब.

पण फौजेतून परतलेल्या एका माणसाने याच जिल्ह्यात वेगळ्या तऱ्हेची शाळा उभी केली. त्याचे नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे, शाळा मात्र फारच थोड्यांना. किसन बाबूराव हजारे, म्हणजे अण्णा. 2011 च्या लोकपाल आंदोलनाने त्यांना दिल्लीचे करून टाकले आणि राळेगणसिद्धीतले त्यांचे सर्वांत टिकाऊ काम मागे पडले, असे माझे मत आहे.

अण्णांचा जन्म 15 जून 1937 रोजी भिंगारचा, म्हणजे आपल्या छावणीच्या शेजारचा. आजोबा लष्करात होते. वडील भिंगारमध्ये आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात नोकरीला. पुढे परिस्थिती ओढगस्तीची झाली आणि कुटुंब राळेगणला, मूळ गावी परतले. नातेवाइकांनी किसनला शिकायला मुंबईला नेले. शिक्षण सातवीवरच थांबले आणि पोरगा दादरला फुले विकू लागला. साठच्या दशकात तो लष्करात ट्रकचालक म्हणून भरती झाला.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाडा आहे. सहलीला आलेली मुले त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. 1965 च्या सप्टेंबरात पंजाबातल्या खेमकरण भागात, असल उत्तरच्या पाणी सोडलेल्या शेतांत आणि उसाच्या फडांत, पाकिस्तानचे असे पॅटन रुतले आणि टिपले गेले. त्याच खेमकरण आघाडीवर अण्णांच्या गाडीवर मारा झाला. सोबतचे सहकारी गेले, हे वाचले. आपण का उरलो, या प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही. दिल्ली स्टेशनवर हाती आलेल्या विवेकानंदांच्या पुस्तिकेची गोष्ट ते नेहमी सांगतात. लग्न न करता उरलेले आयुष्य गावाला द्यायचे, हा निश्चय याच काळातला. 1975 मध्ये ते सन्मानाने सेवामुक्त होऊन राळेगणला आले. हातातल्या पैशातून आधी संत यादवबाबांचे मोडकळीला आलेले देऊळ उभे केले आणि त्याच देवळातल्या खोलीत मुक्काम ठोकला.

पुढचे पाणलोटाचे काम, पुरंदरच्या विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीकडून घेतलेला धडा, बंधारे, चराईबंदी, हे सगळे पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचले आहे, तेव्हा ते इथे उगाळत नाही. शाळेकडे वळू.

राळेगणला 1932 मध्ये एका खोलीची प्राथमिक शाळा आली. तीस वर्षांनी गावकऱ्यांनी श्रमदानातून खोल्या वाढवल्या. तरी 1971 मध्ये बाराशेच्या वस्तीत लिहिता-वाचता येणारे पुरुष 290 आणि बाया फक्त 72. मुलगे पुढच्या वर्गांसाठी शिरूरला किंवा पारनेरला जात. मुलींचे शिक्षण प्राथमिकलाच संपे, कारण मुलीला रोज परगावी पाठवणार कोण? म्हणजे गावात हायस्कूल नसण्याची किंमत मुख्यतः मुली मोजत होत्या. 1976 मध्ये बालवाडी सुरू झाली. 1979 मध्ये संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली आणि हायस्कूल उघडले. शाळेला नाव दिले संत निळोबारायांचे. तुकोबांच्या परंपरेतल्या निळोबांची समाधी पारनेर तालुक्यातच, पिंपळनेरला आहे.

शाळा उघडली, पण मान्यतेचा कागद हलेना. तेव्हा 1980 मध्ये अण्णांनी उपोषण केले. हे त्यांचे पहिले उपोषण. पुढे ज्या हत्याराने मंत्र्यांच्या खुर्च्या हलल्या, ते पहिल्यांदा उपसले गेले खेड्यातल्या एका शाळेसाठी, हे बहुतेकांच्या गावीही नाही.

खरी गंमत प्रवेशाच्या नियमात आहे. चांगली शाळा टक्के बघून मूल घेते. राळेगणच्या शाळेने आणि वसतिगृहाने उलटा हिशेब मांडला. नापास झालेला, व्रात्य म्हणून हाकललेला, दाखला हातात देऊन घरी धाडलेला, अशा मुलाला इथे आधी जागा. पहाटे उठायचे, व्यायाम करायचा, अंथरूण-पांघरूण स्वतः आवरायचे, मग अभ्यास. ही दिनचर्या उघड उघड बराकीतली आहे. सातवीपर्यंत शिकलेले अण्णा वर्गात खडू घेऊन उभे राहणारे मास्तर नव्हेत. शिकवण्याचे काम शिक्षकांनीच केले. अण्णांनी आणला तो फौजेचा एक साधा हिशेब: भरती झालेला गडी कसाही असो, त्याला घडवणे हे पलटणीचे काम. ‘हा ढ आहे, परत न्या’ असे उस्ताद म्हणत नाही.

महाराष्ट्रात लष्कर आणि शाळा यांची सांगड नवी नाही. बोअर युद्धात वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. बा. शि. मुंजे यांनी 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. 1961 मध्ये साताऱ्याला सैनिक स्कूल आले. या शाळा निवडक मुलांतून अधिकारी घडवण्यासाठी. राळेगणच्या वाट्याला आली ती निवडीत गळालेली मुले.

शिस्तीची दुसरी बाजूही सांगायला हवी. याच गावात दारुड्यांना देवळासमोर खांबाला बांधून लष्करी पट्ट्याने फोडून काढले गेले. अण्णांनी ते कधी लपवले नाही. आई नाही का आजारी मुलाला कडू औषध पाजत, असे समर्थनही केले. अभ्यासकांनी यावर हुकूमशाहीचा ठपका ठेवला आणि तो मला रास्त वाटतो. दारू सुटली म्हणून पट्टा बरोबर ठरत नाही. देवळापुढच्या खांबाशी पलटणीची शिस्त चुकली. वसतिगृहात तिचा उत्तम उपयोग झाला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एकीने दुसरी झाकू नये.

सावेडीहून केडगाव ओलांडून पुणे रस्त्याला लागले की सुप्याच्या पुढे वाडेगव्हाणचा फाटा लागतो, तिथून राळेगण आत आहे. बंधारे बघायला जाणाऱ्यांनी शाळाही बघावी. आणि निकालाच्या दिवशी दारावर शंभर टक्क्यांचा फलक लावणाऱ्या आपल्या भागातल्या शाळांना एक विनंती: नववीतच दाखला देऊन वाटेला लावलेल्या मुलांचा आकडाही त्याच फलकावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा.