साईचें गोठविलेलें लिंबू-सरबत

हा अंक वाचकांच्या हातीं पडेल त्या वेळीं वार्षिक परीक्षा संपलेली असेल आणि कळंबोलीचा उन्हाळा भरांत आलेला असेल. येथील उन्हाळा आमच्या विद्यार्थ्यांस नव्यानें सांगावयास नको. एका बाजूस लोखंड-पोलाद बाजारांतील ट्रकांची रांग, दुसऱ्या बाजूस पुण्याकडे जाणारा द्रुतगति मार्ग, आणि त्यांत खाडीकडून येणारी दमट हवा. शाळा सुटल्यावर फाटकापासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांत सदरा पाठीस चिकटतो, आणि त्याच दहा मिनिटांच्या वाटेवर बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी असते.

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी कावीळ होऊन पांच आठवडे घरीं पडून होता. त्याच्या मातोश्री वह्या नेण्यासाठीं शाळेंत आल्या तेव्हां म्हणाल्या, "सर, डॉक्टरांनीं विचारलें, यानें बाहेरचें काय खाल्लें? आम्ही सांगितलें, या आठवड्यांत कांहींच नाहीं." माउलीचें उत्तर खरें होतें, पण त्यांत एक चूक दडलेली होती. दूषित पाण्यांतून येणाऱ्या काविळीचे, म्हणजे 'हिपॅटायटिस अ' या विकाराचे, विषाणु पोटांत गेल्यापासून रोग दिसूं लागेपर्यंत दोन ते सहा आठवडे लोटतात. म्हणून या आठवड्याचा हिशेब करून भागत नाहीं, मागील महिन्याचा करावा लागतो. आणि मागील महिन्यांत कोठें काय खाल्लें हें कोणत्या मुलास आठवतें?

ज्या पाण्याचा बर्फ केला तें पाणी जसें असेल तसाच तो बर्फ असतो. गोठल्यानें जंतूंची वाढ थांबते. परंतु ते सर्व मरतात असें नाहीं, आणि काविळीचे विषाणु तर थंडींत उलट सुखरूप राहतात. बर्फ वितळला कीं ते पुन्हां मोकळे. 'एवढ्या थंडींत कोणता जंतु जगणार?' असा समज मुलांचाच काय, पुष्कळ थोरांचाहि आहे. लिंबू पिळल्यानें पाणी शुद्ध होतें ही समजूतहि तितकीच भरवशाची. मासळी व माल टिकविण्यासाठीं केलेला बर्फ खाण्याच्या बर्फांत मिसळूं नये म्हणून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें २०१८ मध्यें न खाण्याच्या बर्फास निळा रंग देण्याचा नियम केला. तेव्हां निळसर लादी दिसली तर ती पोटासाठीं नव्हे, हें लहानांनींहि ध्यानांत ठेवावें. पांढरी दिसली म्हणजे ती उकळलेल्या पाण्याचीच, असें मात्र कोणी समजूं नये.

'बाहेरचें खाऊं नका' एवढें सांगून आम्ही शिक्षक मोकळे होतों. मुलें मान डोलावतात आणि वाटेवर थांबतात. घरीं त्याहून चांगलें कसें करावें हें दाखविल्यावांचून तो उपदेश अर्धाच राहतो, असें वाटून आम्हीं वर्गास विचारलें कीं तुम्हांस हवें तरी काय? गोळा, कुल्फी, उसाचा रस अशीं नांवें आलीं. पण बहुमत पडलें तें अलीकडे दुकानांत उंच पेल्यांतून मिळणाऱ्या, साय घातलेल्या, अर्धवट गोठलेल्या लिंबू-सरबतास. प्रयोगशाळेच्या टेबलावर तें करून पाहण्याचें ठरलें.

पहिल्या दिवशीं फजिती झाली. आम्हीं कोमट दुधांत साखर विरघळविली आणि वरून लिंबाचा रस ओतला. घरोघरच्या स्त्रियांस पुढें काय झालें तें सांगावयास नको. दूध फाटलें, हिरवट पाणी वेगळें झालें आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पनीर झालें!" मुलें हंसलीं, आम्हीहि हंसलों; परंतु त्या दिवशींचा तास फुकट गेला असें म्हणवत नाहीं.

दुधांत केसीन नांवाचें प्रथिन असतें. त्याचे सूक्ष्म कण एकमेकांस दूर लोटीत दुधांत तरंगत असतात, आणि त्यामुळेंच दूध पांढरें व एकजीव दिसतें. आम्लता मोजण्याचें जें पी-एच नांवाचें माप आहे, त्यावर ताजें दूध ६.६ च्या आसपास असतें आणि लिंबाचा रस २ ते २.५ च्या दरम्यान. आंकडा जितका लहान तितकें आम्ल तीव्र. दुधाची पातळी ४.६ च्या जवळ उतरली कीं केसीनच्या कणांचें परस्परांस लोटणें संपतें. ते एकत्र येऊन गांठी धरतात. उष्णतेनें हें काम फार झपाट्यानें होतें, थंडीनें मंदावतें. आम्हीं दूध कोमट घेतलें हीच पहिली चूक.

यावरून उपाय सुचतो. सर्व पदार्थ अगदीं गार असावेत. दुधाऐवजीं साय घ्यावी. कारण सायींत स्निग्धांश पुष्कळ, आणि आम्लानें गांठी धरणारें केसीन त्या मानानें थोडें. आणि रस व साय यांची गांठ अगदीं शेवटीं, पेला भरण्याच्या आधीं घालून द्यावी. डब्यांत मिळणारें आटविलेलें गोड दूधहि येथें उत्तम चालतें. त्यांत जवळजवळ निम्मी साखर असते व पाणी फार थोडें उरलेलें असतें. लिंबाचा रस घातला असतां तें फाटून चोथापाणी होत नाहीं, तर गुळगुळीत घट्ट होतें. ब्राझील देशांत असेंच आटविलेलें दूध आणि हिरवीं लिंबें यांचें सरबत घरोघर करतात. मौज अशी कीं त्या देशांत त्यास 'स्विस सरबत' म्हणतात, आणि बाहेरचें जग त्यास 'ब्राझीलचें सरबत' म्हणतें. आपल्याकडे भूगोलाच्या पेपरांत असें उत्तर कोणी लिहिलें तर आम्ही गुण कापूं.

आतां लिंबाविषयीं. आपलें लिंबू तें पातळ सालीचें कागदी लिंबू. अहिल्यानगर जिल्ह्यांत, विशेषतः श्रीगोंद्याकडे, त्याच्या मोठ्या बागा आहेत, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें 'साई सरबती' नांवाची जातहि दिली आहे. उन्हाळा आला कीं लिंबें महाग कां होतात, असा प्रश्न आमच्या घरांतहि दरवर्षीं निघतो. लिंबास वर्षांतून तीन बहार येतात. आंबे बहाराचीं फळें पावसाळ्याच्या तोंडाशीं व पावसाळ्यांत उतरतात, मृगाचीं हिंवाळ्यांत. ऐन उन्हाळ्यांत मिळतात तीं हस्त बहाराचीं. आणि हस्ताच्या वेळीं जमीन पावसानें ओली असल्यामुळें झाडास ताण देऊन फूल आणणें बागाईतदारास कठीण जातें. म्हणजे जेव्हां सारें शहर लिंबू मागतें, तेव्हांच झाडावर तें थोडें असतें. यास्तव लिंबाचा थेंबहि वायां घालवूं नये. पिळण्यापूर्वीं लिंबू ओट्यावर तळहातानें दाबून फिरवावें, रस अधिक निघतो. सुवासिक तेल सालीच्या हिरव्या भागांत असतें. तेवढाच भाग किसावा, आंतील पांढरा भाग कडू. बिया रसांत ठेवूं नयेत, आणि रस पिळून तासन्‌तास ठेवूं नये. आधीं गोड वाटलेला रसहि मागाहून कडवटतो.

आमचें प्रमाण चार पेल्यांचें आहे. पाव किलोची निम्मी, म्हणजे सुमारें १२० ग्रॅम साखर, ४०० मिलिलिटर पाणी, चार-पांच लिंबांचा मिळून ६० मिलिलिटर रस, एका लिंबाची किसलेली हिरवी साल, चिमूटभर मीठ, आणि अर्धी वाटी ताजी साय. पाणी खळखळ उकळूं द्यावें, त्यांतच साखर विरघळवावी आणि झांकून पूर्ण गार करावें. रस गरम पाकांत घालूं नये, सुवास उडून जातो. गार झाल्यावर रस, साल व मीठ घालून मिश्रण पसरट स्टीलच्या डब्यांत ओतावें आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावें. तासाभरानें कडेस बर्फ धरूं लागेल. तो कांट्यानें खरवडून मध्यें ढकलावा. मग दर अर्ध्या तासानें हेंच करावें. तीन तासांत ओल्या भुसभुशीत हिमासारखें होतें.

हें खरवडणें आळसानें टाळूं नये, सारी गोडी त्यांतच आहे. पाणी स्वस्थपणें गोठलें तर त्याचे मोठे, टोंकदार स्फटिक होतात आणि जिभेस कांचेसारखे लागतात. ढवळीत राहिलें तर स्फटिक असंख्य व बारीक होतात. साखरेचें कामहि केवळ गोडीचें नाहीं. साखर विरघळलेलें पाणी शून्य अंशाखालीं गेल्यावांचून गोठूं लागत नाहीं, आणि मग गोठलें तरी थोडें द्रव शिल्लक राहतें. म्हणून आमच्या एका विद्यार्थिनीनें 'आईस गोड चालत नाहीं' म्हणून साखर निम्मी केली तेव्हां पेल्यांत सरबताऐवजीं दगड मिळाला. ज्यांच्या घरीं कोणास मधुमेह आहे त्यांनीं त्या व्यक्तीसाठीं न गोठविलेलें, बिनसाखरेचें लिंबूपाणीच करावें. उगीच ओढाताण करूं नये.

शेवटीं हिम झालेलें मिश्रण मिक्सरच्या भांड्यांत घ्यावें, फ्रीजमधून काढलेली साय घालावी आणि दोन-तीन वेळां क्षणभरच फिरवावें. साय एक-दोन दिवसांच्या तापविलेल्या दुधाची असावी. आठवडाभर सांचविलेली आंबट होते. मिक्सर अधिक फिरविल्यास साईचें लोणी होऊन वर गोळे तरंगतात. आमच्या दुसऱ्या खेपेस तेंहि झालें. साईऐवजीं आटविलेलें दूध घालणार असाल तर अर्ध्या वाटीस साखर निम्म्याहून कमी करावी. येथें मात्र दगड होत नाहीं, कारण कमी केलेली साखर त्या दुधांतून परत येते.

पण वीज गेली तर? किंवा घरीं फ्रीज नसेल तर? हा प्रश्न वर्गांतच निघाला, आणि त्याचें उत्तर आमच्या पनवेल-उरण भागाच्या जुन्या धंद्यांतच होतें. तें म्हणजे मीठ. या खाडीकांठीं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरें होतीं. आगरी हें नांवच आगराशीं जोडलेलें आहे. आमच्या वर्गांतील कित्येकांचे पणजोबा मिठागरांवर राबलेले.

एका बादलींत तीन किलो फोडलेला बर्फ व एक किलो जाडें मीठ थर देऊन भरलें आणि मधोमध घट्ट झांकणाचा उभा कडीचा डबा, दोन-तृतीयांश भरून, ठेवला. मिठामुळें बर्फ शून्य अंशाच्याहि खालीं वितळूं लागतो. वितळण्यास उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक किलो बर्फ वितळण्यास जितकी उष्णता लागते तितक्या उष्णतेनें एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. ही सारी उष्णता तो जवळच्या डब्यांतून ओढून घेतो. शास्त्रीय मर्यादा शून्याखालीं २१ अंशांची आहे. आमच्या बादलींतील तापमापकानें शून्याखालीं १४ दाखविले, आणि मुलांनीं टाळ्या दिल्या. डबा कडी धरून सतत उलटसुलट फिरवीत राहावें व मधून मधून उघडून कडा खरवडाव्या. पाऊण तासांत काम होतें. मीठ घातलेला बर्फ हातांत धरून ठेवूं नये, कातडी भाजल्यासारखी होते.

झांकणाविषयीं एक सूचना आहे. बादलींतील खारें पाणी झांकणापर्यंत चढूं देऊं नये. तें आंत शिरलें तर सरबत खारट होईल हें तर झालेंच. परंतु बादलींतला बर्फ बाजारचा असतो, आणि ज्या जंतूंस आपण पाणी उकळून दूर ठेवलें तेच त्या एका थेंबाबरोबर परत येतील. झांकण उघडण्यापूर्वीं तें कोरड्या स्वच्छ फडक्यानें पुसावें. पेल्यांत वरून बर्फ घालावयाचा असेल तर तो उकळून गार केलेल्या पाण्याचा, घरीं केलेलाच असावा.

ज्या काळीं ना फ्रीज होता ना बर्फाचा कारखाना, त्या काळींहि मुंबईनें आइसक्रीम खाल्लें आहे. अमेरिकेंत बॉस्टनजवळच्या तळ्यांवर हिंवाळ्यांत गोठलेला बर्फ करवतीनें कापून, लाकडाच्या भुशांत बांधून, जहाजानें हिंदुस्थानांत आणीत. १८३३ मध्यें असें पहिलें जहाज कलकत्त्यास लागलें. पुढील वर्षीं मुंबईंत जमशेटजी जिजीभाई यांनीं आपल्या मेजवानींत पाहुण्यांस आइसक्रीम दिलें, आणि यजमान व पाहुणे यांस सर्दी झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली, असें जुन्या मुंबईच्या वर्णनांतून सांगतात. सर्दीचे जंतु आइसक्रीमनें येत नाहींत हें आज आपणांस ठाऊक आहे. पण त्या बातमीनें कोणाची आइसक्रीमची आवड कमी झालेली दिसत नाहीं.

केलेलें सरबत लगेच प्यावें. उरलेंच तर झांकून बर्फाच्या कप्प्यांत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावें. मात्र एकदां पूर्ण वितळलेलें, साय घातलेलें सरबत पुन्हां गोठवूं नये. आमच्या वर्गांत ही अडचण आली नाहीं. तिसऱ्या खेपेस, फेब्रुवारींत, तो काविळींतून उठलेला विद्यार्थी शाळेंत परत आला होता. डॉक्टरांनीं साय तूर्त वर्ज्य सांगितली होती, म्हणून त्याच्यासाठीं साय घालण्यापूर्वींच एक पेला बाजूस काढला. डबा फिरविण्याचें काम त्यानें कोणास करूं दिलें नाहीं.