पुराव्यामागे पैसा: अमेरिकेतल्या शालेय नवोपक्रम निधीचा मागोवा

शाळांमधल्या नवोपक्रमांना त्यांच्या पुराव्याच्या वजनानुसार पैसे देण्याचा सर्वांत मोठा सरकारी प्रयोग अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झाला. 'इन्व्हेस्टिंग इन इनोव्हेशन फंड' हे त्याचे नाव. शिक्षणक्षेत्रात तो 'आय-थ्री' म्हणूनच ओळखला गेला. मंदीतून सावरण्यासाठी बराक ओबामा यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये सही केलेल्या कायद्यातून त्याला ६५ कोटी डॉलर मिळाले. त्याच कायद्यातल्या 'रेस टू द टॉप' स्पर्धेच्या वाट्याला ४३५ कोटी आले आणि वर्तमानपत्रांचे लक्षही तिकडेच राहिले. कल्पनेचे धाडस मात्र या धाकट्या निधीत अधिक होते.

तोपर्यंत केंद्र सरकारच्या शालेय पैशाचा मोठा हिस्सा १९६५ च्या कायद्याने घालून दिलेल्या सूत्राने वाटला जात असे. गरीब मुले किती, त्या प्रमाणात रक्कम. त्या रकमेने मुलांचे वाचन सुधारले का, याचा हिशेब वाटपाशी जोडलेला नव्हता. २००२ मध्ये अमलात आलेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यात शास्त्रीय संशोधनाचा उल्लेख शंभराहून अधिक वेळा आला. त्याच वर्षी 'इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस' ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली आणि कोणत्या उपक्रमामागे किती भक्कम अभ्यास आहे हे तपासून सांगणारे 'व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस'ही उभे राहिले. पुरावा म्हणजे काय हे आता ठरले होते. पैसा अजून त्याच्या मागे गेला नव्हता.

शिक्षणमंत्री आर्नी डंकन यांच्या खात्याने आय-थ्रीची रचना तीन पायऱ्यांची केली. नुसती तर्कसंगत कल्पना असेल तर ५० लाख डॉलरपर्यंत, मध्यम पुरावा असेल तर ३ कोटींपर्यंत, आणि भक्कम पुरावा असलेला उपक्रम देशभर पसरवायचा असेल तर ५ कोटींपर्यंत. प्रत्येक अनुदानाबरोबर त्रयस्थ मूल्यमापन सक्तीचे होते. शिवाय मंजूर रकमेच्या २० टक्के रक्कम खासगी देणगीदारांकडून उभी करायची होती. ही अट कायम राहिली असती तर लहान संस्थांना फार जड गेली असती. पुढच्या वर्षी ती पायरीनुसार ५ ते १५ टक्क्यांवर आणली गेली, आणि अनुदानांच्या कमाल रकमाही कमी झाल्या.

पहिल्या वर्षी सुमारे १,७०० अर्ज आले आणि ४९ निवडले गेले. सर्वांत वरच्या पायरीवर चौघेच पोहोचले: 'किप' ही सरकारी पैशावर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या चार्टर शाळांची साखळी, नवे पदवीधर गरीब वस्त्यांतल्या शाळांत पाठवणारी 'टीच फॉर अमेरिका', रॉबर्ट स्लॅव्हिन आणि नॅन्सी मॅडन यांनी १९८७ मध्ये बाल्टिमोरमध्ये सुरू केलेला 'सक्सेस फॉर ऑल', आणि ओहायो स्टेट विद्यापीठामार्फत 'रीडिंग रिकव्हरी'.

यांतल्या शेवटच्या उपक्रमाची कहाणी सविस्तर पाहण्यासारखी आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी १९७० च्या दशकात तो विकसित केला. पहिलीच्या वर्गात वाचनात सर्वांत मागे असलेले एक मूल आणि खास प्रशिक्षण घेतलेला एक शिक्षक रोज अर्धा तास एकत्र बसतात. हे १२ ते २० आठवडे चालते. मूल आधी ओळखीची पुस्तके वाचते. मग काल नव्याने हाती आलेले पुस्तक वाचते, तेव्हा कोणता शब्द बरोबर आला, कुठे अडखळले, कुठे स्वतःच दुरुस्त केले, याच्या खुणा शिक्षक कागदावर करत जातो. पुढे चुंबकी अक्षरे जोडून-मोडून शब्द बनवायचे. मुलाने रचलेले वाक्य कागदाच्या पट्टीवर लिहून कात्रीने कापले जाते आणि त्याने ते पुन्हा जुळवायचे असते. शेवटी नवे पुस्तक.

आय-थ्रीच्या पैशातून असे ३,७०० हून अधिक शिक्षक तयार झाले. मूल्यमापनासाठी शाळेतल्या सारख्याच पातळीच्या मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या. जोडीतल्या कोणाला शिकवणी लगेच आणि कोणाला नंतर, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संगणकाने ठरवले. चार वर्षांत १,२०० हून अधिक शाळा आणि जवळपास ७,००० मुले या चाचणीत आली. शिकवणी मिळालेली मुले स्पष्टपणे पुढे गेली; त्यांच्या प्रगतीची गती पहिलीच्या राष्ट्रीय सरासरीच्या १३१ टक्के भरली. शालेय संशोधनात एवढा ठसठशीत निकाल क्वचितच हाती येतो.

'सक्सेस फॉर ऑल'चा निकाल सौम्य होता. ३७ शाळांच्या तुलनेत दुसरीअखेर मुलांना अक्षर-ध्वनींची उकल अधिक चांगली जमत होती, पण आकलनात एकूण फरक दिसला नाही. सुरुवातीला मागे असलेल्या मुलांना मात्र जास्त लाभ झाला. 'टीच फॉर अमेरिका'चे शिक्षक सरासरीने इतर शिक्षकांच्या बरोबरीचे ठरले.

आय-थ्रीच्या पूर्ण झालेल्या ६७ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १२ उपक्रमांनी मुलांच्या शैक्षणिक निकालावर ठोस अनुकूल परिणाम दाखवला होता. वरच्या पायऱ्यांवर यशाचे प्रमाण जास्त, तळाच्या पायरीवर कमी. काहींनी याला अपयश म्हटले, पण ते म्हणणे अन्यायाचे आहे. तुलनेसाठी घेतलेल्या शाळा हातावर हात ठेवून बसलेल्या नव्हत्या. त्याही काहीतरी नवे करतच होत्या. लहान प्रकल्पांत मुलेच इतकी कमी की खरा फरक असला तरी आकड्यांत पकडता येत नाही. आणि काय चालत नाही हे प्रामाणिकपणे कळणे ही सुद्धा करदात्याच्या पैशाची कमाईच आहे. सूत्राने वाटलेल्या पैशाने ती कधी करून दिली नव्हती.

दरम्यान डिसेंबर २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्याने आय-थ्रीची जागा 'एज्युकेशन इनोव्हेशन अँड रिसर्च' या कायमस्वरूपी कार्यक्रमाला दिली. तीन पायऱ्या राहिल्या, खासगी वाटा १० टक्के ठरला आणि किमान चौथा हिस्सा ग्रामीण भागासाठी राखला गेला. दुर्गम शाळांना अर्ज लिहिणारी माणसे मिळणेही कठीण असते. त्या दृष्टीने ही तरतूद गरजेचीच होती.

रीडिंग रिकव्हरीची गोष्ट मात्र पहिल्या निकालावर थांबली नाही. आधीचे मूल्यमापनही करणाऱ्या डेलावेअर विद्यापीठाच्या हेन्री मे यांच्या गटाने त्या मुलांचा पुढे तिसरी-चौथीपर्यंत माग काढला. शिकवणीसाठी निवडीची जी रेषा होती, तिच्या थोडे खाली आणि थोडे वर असलेल्या मुलांचे राज्यस्तरीय परीक्षांतले गुण त्यांनी ताडून पाहिले. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार शिकवणी मिळालेली मुले आता न मिळालेल्यांपेक्षा अर्धी इयत्ता वा त्याहून अधिक मागे होती. अनेक मुलांचे नंतरचे गुण हाती आलेच नाहीत, असा आक्षेप उपक्रमाच्या समर्थकांनी घेतला आणि तो वाजवी आहे. अक्षर-ध्वनींचा पाया कच्चा राहिला असावा, किंवा शिकवणी संपल्यावर मुलांना पुढची मदत मिळाली नसावी, अशी कारणे पुढे आली. तोच उपक्रम, तोच संशोधक, आणि आधीच्या निकालाला उलटा प्रश्न विचारण्याची तयारी: या सगळ्या काळातला हा सर्वांत मोलाचा प्रसंग म्हणावा लागेल.

मग पुरावा जमवणारी यंत्रणाच आक्रसली: फेब्रुवारी २०२५ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस'चे डझनावारी संशोधन करार रद्द झाले आणि मार्चमध्ये शिक्षण खात्याचे मनुष्यबळ जवळपास निम्म्यावर आणण्याचा निर्णय जाहीर झाला. रीडिंग रिकव्हरीला अनुदान मिळाले होते २०१० मध्ये. तिसरी-चौथीतल्या मुलांचे काय झाले याचे उत्तर यायला १२ वर्षे लागली होती.