मानवी हक्कांचे ठराव आणि लोकशाही राष्ट्रांचे सहकार्य

ग्रामपंचायतीच्या अथवा जिल्हा परिषदेच्या सभेत ज्यांनी काम केले आहे, त्यांना ठराव म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सूचक असतो, अनुमोदक असतो, मसुद्यातील एखाद्या शब्दावरून तासभर वाद होतो आणि अखेरीस हात वर होतात. न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत किंवा जिनिव्हा येथे मानवी हक्क परिषदेत जे घडते, ते तत्त्वतः याहून फारसे वेगळे नसते. मात्र तेथील सभासद ही सार्वभौम राष्ट्रे असतात. अशा प्रश्नांवरील आमसभेचा ठराव म्हणजे शिफारस होय. तो न पाळणाऱ्या राष्ट्राला हजर करील असा कोणी पोलीस पाटील तेथे नाही. असे असूनही या ठरावांसाठी राष्ट्रे एवढी खटपट का करतात? आणि स्वतःला लोकशाहीवादी म्हणविणारी राष्ट्रे तरी मतदानाच्या वेळी एका बाजूला उभी असतात काय?

या प्रश्नांचे उत्तर एका दीर्घ प्रकरणात सापडते. ते प्रकरण भारताने सुरू केले, आणि ते सुरू केले तेव्हा भारत स्वतंत्रही झालेला नव्हता.

दक्षिण आफ्रिकेतील नाताळच्या ऊसमळ्यांवर १८६० पासून भारतीय मजूर कराराने नेले जात होते. कराराची मुदत संपल्यावर पुष्कळजण तेथेच राहिले, त्यांच्या पाठोपाठ व्यापारी गेले, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना ही वस्ती सलू लागली. गांधीजींचा तेथील लढा सर्वश्रुत आहे. १९१४ मध्ये गांधीजी व जनरल स्मट्स यांच्यात समझोता झाला. १९२७ मध्ये दोन्ही सरकारांमध्ये केपटाऊनचा करार झाला. तरीही १९४६ मध्ये स्मट्स यांच्याच सरकारने जो कायदा केला, त्याने नाताळ व ट्रान्सवालमध्ये भारतीयांनी जमीन कोठे घ्यावी व राहावे कोठे यावर कडक मर्यादा घातल्या. त्याच कायद्याने त्यांना कायदेमंडळात प्रतिनिधित्व देऊ केले, परंतु तेही गोऱ्या प्रतिनिधींमार्फतच. तेथील भारतीयांनी याला ‘घेट्टो ॲक्ट’, म्हणजे माणसांना वस्तीत कोंडण्याचा कायदा, असे नाव दिले आणि जून १९४६ मध्ये दरबान येथे सत्याग्रह सुरू केला.

भारत सरकारने दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापारी करार संपुष्टात आणला, तेथील आपले उच्चायुक्त, वऱ्हाडचे रामराव देशमुख, यांना परत बोलाविले आणि जुलैमध्ये व्यापारच बंद केला. तत्पूर्वी, २२ जून १९४६ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य सचिवांकडे रीतसर तक्रार गेली होती. सप्टेंबरमध्ये पंडित नेहरूंच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार आले आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या शिष्टमंडळाचे नेतृत्व श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे सोपविण्यात आले. याच विजयालक्ष्मी पंडित पुढे १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. शिष्टमंडळात न्यायमूर्ती महंमद करीम छागला हेही होते. पुढच्याच वर्षी ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

स्मट्स यांची बाजू दुबळी नव्हती, हे मान्य करावयास हवे. राष्ट्रसंघाच्या सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातवे पोटकलम असे सांगते, की जे विषय मूलतः एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारातील आहेत, त्यांत संघाने हस्तक्षेप करू नये. हे भारतीय आमचे नागरिक आहेत, कायदा आमच्या संसदेचा आहे, तेव्हा तुमचा संबंध काय, असा त्यांचा सवाल होता. हा वाद आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे मतासाठी पाठवावा, अशीही त्यांची मागणी होती. गंमत अशी, की मानवी हक्कांवरील श्रद्धेचा उच्चार करणाऱ्या सनदेच्या प्रास्ताविकाच्या घडणीत स्मट्स यांचाच मोठा वाटा होता. भारताच्या बाजूने उत्तर असे, की दोन सरकारांनी ज्या विषयावर करार केले, तो विषय अंतर्गत राहिलेला नाही. आणि मानवी हक्कांना चालना देण्याचे बंधन सर्व सभासदांनी सनदेवर सही करतानाच पत्करले आहे.

येथे लोकशाही राष्ट्रांमध्ये फूट पडली. अमेरिका आणि ब्रिटन यांनी न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग पसंत केला. वरवर पाहता ही भूमिका कायदेशीर काटेकोरपणाची होती. परंतु त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे लागू होते आणि ब्रिटनच्या ताब्यात अनेक वसाहती होत्या. आज घालून दिलेला पायंडा उद्या आपल्या दारी येईल, हा विचार त्यांच्या मनात नसेल असे मानणे कठीण आहे.

ही कोंडी फोडली ती फ्रान्स व मेक्सिको या दोन राष्ट्रांच्या संयुक्त मसुद्याने. भारताने तयार केलेला मसुदा अधिक परखड होता. नव्या मसुद्यात दक्षिण आफ्रिकेला दोषी ठरविणारा शब्द नव्हता. या वागणुकीमुळे दोन सभासद राष्ट्रांमधील मैत्रीचे संबंध बिघडले आहेत, ही वागणूक दोन्ही सरकारांमधील करार आणि सनद यांतील बंधनांस अनुसरून असावी, आणि याबाबत काय केले ते दोघांनीही पुढील अधिवेशनात कळवावे, एवढेच त्यात होते. ज्याला निषेध हवा होता त्याला हे पाणी घातलेल्या ताकासारखे वाटले असणार. भारताने मात्र तो मसुदा स्वीकारला. कारण ‘कळवावे’ या एका शब्दात सर्व काही आले होते. जो विषय अंतर्गत आहे, त्याचा अहवाल कोणी जगाला देत नाही!

३० नोव्हेंबर १९४६ रोजी समितीत हा मसुदा २४ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झाला. ६ राष्ट्रे तटस्थ राहिली. आमसभेत मात्र दोन-तृतीयांश बहुमताची अट होती आणि समितीतील आकडे तिथे पुरे पडणारे नव्हते. मधल्या आठवड्यात शिष्टमंडळाने जी धावपळ केली, तिचे फळ ८ डिसेंबरला दिसले : बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. अमेरिका व ब्रिटन विरोधातच राहिले. तटस्थ मते या हिशेबात धरली जात नाहीत. म्हणजे ४७ मतांचे दोन-तृतीयांश हवे होते आणि ३२ हा त्याचा अगदी किमान आकडा होता. बाजूचे एक मत जरी विरोधात गेले असते, तरी ठराव बारगळला असता. पुढच्याच वर्षी नेमके तसे झाले. १९४७ मध्ये याच प्रश्नावरील ठरावाला ३१ विरुद्ध १९ मते पडली आणि दोन-तृतीयांशाअभावी तो नामंजूर झाला.

१० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. जी आठ राष्ट्रे तटस्थ राहिली, त्यांत दक्षिण आफ्रिका होती. या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशी इंग्रजी शब्दयोजना होती. ती बदलून ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द घालण्याचा आग्रह भारताच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता यांनी धरला. मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेल्या या विदुषीचा हा शब्दबदल शाळांतून अवश्य सांगावा असा आहे.

१९४८ मध्येच दक्षिण आफ्रिकेत नवे सरकार आले आणि वर्णभेद हे राज्याचे उघड धोरण बनले. प्रश्न आता केवळ भारतीयांचा उरला नाही. १९५२ मध्ये आशिया व अरब जगतातील १३ राष्ट्रांनी तो त्या व्यापक स्वरूपात आमसभेपुढे आणला. त्या वर्षी एकाच दिवशी दोन ठराव झाले. आशियाई राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या ठरावाने चौकशीसाठी त्रिसदस्य आयोग नेमला. दुसरा ठराव नॉर्वे, स्वीडन आदी उत्तर युरोपीय लोकशाह्यांनी मांडला होता. त्यात कोणाचेही नाव न घेता सर्व सभासदांना सनदेप्रमाणे वागण्याचे आवाहन होते. या दुसऱ्या ठरावाला होकारापेक्षा तटस्थ मतेच अधिक पडली. तरीही त्याचे महत्त्व कमी नाही. दोन्ही गटांना जोडणारी पाऊलवाट तिथे प्रथम दिसली. पुढे १९६३ मध्ये सुरक्षा परिषदेने नॉर्वेच्या मसुद्यावरून तज्ज्ञांचा गट नेमला, तेव्हा त्याच्या प्रमुख झाल्या स्वीडनच्या आल्वा मिर्डल. त्यापूर्वी काही वर्षे त्या आपल्या दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या.

मोठी राष्ट्रे हळूहळू सरकली. १९५८ मध्ये ठरावात निषेधाऐवजी ‘खेद व चिंता’ असे सौम्य शब्द आले, तेव्हा अमेरिकेने प्रथमच बाजूने मत दिले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मारली गेली. त्यानंतर, एप्रिल १९६१ मध्ये, ब्रिटननेही आपला जुना आक्षेप बाजूला ठेवला आणि वर्णभेदाच्या निषेधाचा ठराव ९५ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाला. विरोधात एकटा पोर्तुगाल होता. त्याच्या आदल्याच महिन्यात लंडनच्या राष्ट्रकुल परिषदेत कॅनडाचे पंतप्रधान डीफेनबेकर यांनी नेहरूंच्या व आफ्रिकी-आशियाई नेत्यांच्या बाजूने वजन टाकले होते आणि दक्षिण आफ्रिकेला राष्ट्रकुल सोडावे लागले होते.

परंतु निषेध करणे वेगळे आणि व्यापार तोडणे वेगळे. १९६२ मध्ये आमसभेने राजनैतिक व व्यापारी संबंध तोडण्याचे आवाहन केले, तेव्हा ६७ राष्ट्रे बाजूने, १६ विरोधात आणि २३ तटस्थ अशी विभागणी झाली. अमेरिका व ब्रिटन पुन्हा विरोधात गेले. सुरक्षा परिषदेने शस्त्रबंदी सर्वांवर बंधनकारक केली ती ४ नोव्हेंबर १९७७ रोजी, एकमताने. भारत त्या वेळी परिषदेचा सभासद होता. आर्थिक निर्बंधांचा निर्णय मात्र राष्ट्रसंघाच्या सभागृहापेक्षा त्या त्या देशातील जनमताने घडविला. १९८५ मध्ये नासाऊच्या राष्ट्रकुल परिषदेत राजीव गांधी, कॅनडाचे मल्‌रोनी आणि ऑस्ट्रेलियाचे हॉक निर्बंधांसाठी आग्रही होते. ब्रिटनच्या श्रीमती थॅचर यांचा विरोध होता. १९८६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा संमत केला. ज्या राष्ट्राचे सरकार लोकांना जबाबदार असते, त्याचे परराष्ट्र धोरणही कधी ना कधी विद्यापीठांतून, प्रार्थनामंदिरांतून आणि मतदारसंघांतून बदलते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण विरळाच.

डिसेंबर १९८९ मध्ये आमसभेने वर्णभेदाविरुद्धचा जाहीरनामा मतदानाविना, सर्वसंमतीने स्वीकारला. २३ जून १९९४ रोजी, म्हणजे पहिल्या तक्रारीनंतर ४८ वर्षांनी, नव्या दक्षिण आफ्रिकेचे प्रतिनिधी आमसभेत पुन्हा आपल्या आसनावर बसले.

आजचे काम बव्हंशी जिनिव्हा येथील मानवी हक्क परिषदेत चालते. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या परिषदेत ४७ राष्ट्रे निवडून येतात. तेथेही लोकशाही राष्ट्रांची मते आपोआप जुळत नाहीत. मार्च २०१२ मध्ये श्रीलंकेतील यादवी युद्धानंतरच्या जबाबदारीसंबंधी अमेरिकेने ठराव मांडला. एकट्या राष्ट्राला लक्ष्य करणाऱ्या ठरावांबद्दल भारताची जुनी नाराजी आहे. शिवाय श्रीलंका हा शेजारी. दुसरीकडे तामिळनाडूतील भावना तीव्र होत्या. भारताने मसुद्यात बदल सुचविला, की राष्ट्रसंघाच्या कार्यालयाने द्यावयाचे साहाय्य श्रीलंका सरकारशी विचारविनिमय करून व त्याच्या संमतीने दिले जावे. हा बदल मान्य झाला, भारताने बाजूने मत दिले आणि ठराव २४ विरुद्ध १५ मतांनी संमत झाला. ८ राष्ट्रे तटस्थ होती. २०१४ मध्ये मात्र ठरावात आंतरराष्ट्रीय चौकशी आली, तेव्हा भारत तटस्थ राहिला.

हा बदल काहींना धरसोडीचा वाटतो. परंतु दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले, तर मधल्या दोन वर्षांत भारताचे मत जितके बदलले, त्याहून मसुद्यातील मागणी अधिक बदललेली दिसते. मतदानाच्या बातमीत सहसा आकडेच छापून येतात; ठराव कोणी मांडला, सहसूचक कोण होते आणि शेवटच्या घटकेला कोणत्या परिच्छेदात कोणते शब्द घातले गेले, हे मूळ कागदातच पाहावे लागते. हे कागद संयुक्त राष्ट्रसंघाकडून सर्वांसाठी खुले ठेवले जातात, आणि १९४६ चा तो छोटासा ठरावही त्यांत आहे.