धोका घरातच होता

टाळेबंदीच्या उन्हाळ्यात, २०२० साली, दिल्लीतल्या सरकारी पत्रकार परिषदेत डॉ. रमण गंगाखेडकर वरचेवर टीव्हीवर दिसत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साथरोग व संसर्गजन्य आजार विभागाचे ते प्रमुख होते. चाचणी कुणाची करायची, कुणाची नाही, विषाणूबद्दल काय कळलंय आणि काय नाही, हे ते कुणाला न घाबरवता समजावून सांगत. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली, जूनअखेर ते निवृत्त झाले. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगजंतूंचा उगम शोधण्यासाठी जो तज्ज्ञगट नेमला, त्यात त्यांचं नाव होतं.

पण एवढ्यावर त्यांची ओळख संपवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचं सर्वांत मोलाचं काम टीव्हीच्या कॅमेऱ्यापासून फार लांब, पुण्यात झालं, आणि तेही करोनाच्या पाव शतक आधी.

१९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, सुरू झाली. भारतात एचआयव्हीची पहिली लागण चेन्नईत १९८६ मध्ये सापडली होती. तिच्या शोधामागे डॉ. सुनीती सॉलोमन होत्या, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र या साथीच्या तडाख्यात सापडला. पुण्याजवळची आमची वाघोली नगर रस्त्यावरची. दगडखाणी, खडी वाहणारे ट्रक, घरापासून लांब राहून राबणारे पुरुष. अशा रस्त्यांवर तेव्हा सगळ्यांचा एकच समज होता: एड्स हा ट्रकवाल्यांचा आणि बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीचा आजार, घरच्या बायकांना त्याचं काय!

गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायकांकडे पाहायचं ठरवलं. त्या गटात डॉ. संजय मेहेंदळे होते, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधकही होते. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात ९१६ बायका अभ्यासात आल्या. त्यांतल्या ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यात जवळपास निम्म्या, ४९.९ टक्के, बाधित निघाल्या. हे भयंकर होतं, पण अनपेक्षित नव्हतं. खरा हादरा उरलेल्या ३९१ जणींनी दिला. त्या हा व्यवसाय करत नव्हत्या, बहुतेक जणींचा संबंध नवऱ्याखेरीज कुणाशी आलेला नव्हता. त्यांच्यात १३.६ टक्के, म्हणजे साधारण सात जणींमागे एक, एचआयव्हीबाधित होती.

हा आकडा पुण्यातल्या सगळ्या विवाहित बायकांचा नव्हे, हे इथेच सांगायला हवं. काहीतरी त्रास होतोय म्हणून दवाखान्यापर्यंत आलेल्या बायकांचा तो आहे. साथरोगशास्त्रात आकडा कुठून उचलला हे विसरलं की त्याचा अर्थच बिघडतो. तरीही त्यातून जे कळलं ते पक्कं होतं. यांतल्या बहुतेक बायकांनी कसलंही ‘धोक्याचं वर्तन’ केलेलं नव्हतं. लग्न हाच त्यांचा धोका होता. १९९७ मध्ये या अभ्यासाचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

तेव्हाच्या जागृतीचा सगळा भर निष्ठेवर आणि निरोधवर होता. निष्ठा तर घरची बाई पाळतच होती. आणि निरोध वापरा असं नवऱ्याला सांगायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, मार खाणं, कदाचित माहेरी धाडलं जाणं. गरोदरपणातल्या तपासणीत रक्त आधी तिचंच तपासलं जायचं, म्हणून सुनेनंच आजार घरात आणला असा ठपकाही तिच्यावर यायचा. नवरा गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या कितीतरी विधवा त्या दशकानं पाहिल्या. याबद्दल मला आजही चीड येते, आणि म्हणूनच त्या कोरड्या टक्केवारीचं मोल मोठं वाटतं. बाईच्या चारित्र्याकडे रोखलेलं बोट त्या आकड्यानं खाली आणलं.

तेव्हा रक्त तपासून निदान व्हायचं, पण द्यायला प्रभावी औषध नव्हतं. तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार १९९६ च्या सुमारास परदेशात आला, तोही इथल्या माणसाच्या ऐपतीबाहेरचा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तो दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात द्यायची तयारी दाखवली आणि एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली. गंगाखेडकर पुढे ‘नारी’चे संचालकही झाले.

जोडप्यांत एकाकडून दुसऱ्याला होणारी लागण कशी थांबवायची, या प्रश्नाला मोठं उत्तर मिळायला २०११ उजाडलं. एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत चाचणी चालली होती. तिच्या केंद्रांत पुणे होतं, चेन्नईही होतं. पुण्याकडून मेहेंदळे आणि डॉ. शीला गोडबोले त्यात होते. निम्म्या जोडप्यांतल्या बाधिताला औषध लगेच दिलं, बाकीच्यांना प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीखाली घसरल्यावर. जोडीदाराकडूनच झालेल्या २८ लागणी सापडल्या. त्यांतल्या २७ उशिरा औषध मिळालेल्यांच्या घरातल्या होत्या, लगेच औषध मिळालेल्यांकडे फक्त एक.

२०१७ पासून भारतात निदान झालं की प्रतिकारशक्तीचा आकडा खाली यायची वाट न पाहता औषध सुरू करतात. गोळ्या रोज नेमानं घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही. वाघोलीतल्या माणसाला या गोळ्यांसाठी नगर रस्त्यानं येरवडा ओलांडून ससून रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्ही औषधोपचार) केंद्रात जाता येतं. तिथे त्या फुकट मिळतात.