विश्लेषण : सैनिकाच्या पत्रावर गावाचे नाव का नसते?

सीमेवरून लासूर स्टेशनला बायकोला पाठवलेल्या पत्रावर तिचा पत्ता पूर्ण असतो : मु. पो. लासूर स्टेशन, ता. गंगापूर. पाठवणाऱ्याच्या जागी मात्र सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ‘५६ एपीओ’ एवढेच. नवरा काश्मीरमध्ये आहे की राजस्थानात, हे त्यावरून कळत नाही. असे का?

‘५६ एपीओ’ म्हणजे काय?
हे गाव नव्हे, लष्करी टपालाचा पत्ता आहे. ‘५६ एपीओ’ची पत्रे दिल्लीतील, तर ‘९९ एपीओ’ची कोलकात्यातील लष्करी टपाल केंद्रातून फील्ड पोस्ट ऑफिसकडे जातात. तुकडी हलली तरी पत्ता तोच राहतो आणि पत्र शत्रूच्या हाती पडले तरी ठावठिकाणा फुटत नाही.

पत्रे उघडून वाचली जात का?
पहिल्या महायुद्धात, होय. १९१४ मध्ये भारतीय सैनिक फ्रान्समध्ये उतरल्यावर बूलोन येथे त्यांच्या टपालासाठी सेन्सॉर कार्यालय सुरू झाले. राजद्रोही मजकूर पलटणीत पसरेल, ही ब्रिटिशांची भीती होती. अनेक जवान सोबत्याकडून पत्र लिहून घेत, गावी बायकोही ते दुसऱ्याकडून वाचून घेई. नवरा-बायकोच्या बोलण्यात लिहिणारा, तपासणारा आणि वाचणारा असे तिघे परके असत. त्यातूनही सैनिकांनी वाट काढली. काही पत्रांत भारतीय सैनिकांसाठी ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांसाठी ‘लाल मिरची’ असे शब्द आले. काळी मिरी संपत आली, की घरच्यांनी समजायचे.

मराठा पलटणींचे काय झाले?
१०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ पासून नेहमीचे टपाल तुटले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले. नवरा गेला, कैद झाला की पत्रच अडकले, हे घरी कळायला मार्ग नव्हता.

ती पत्रे आज कुठे आहेत?
बहुतेक मूळ पत्रे उरलेली नाहीत. सेन्सॉरने इंग्रजीत उतरवलेले उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ज्यांनी संशयाने वाचले, त्यांच्याच दप्तरात ते शब्द टिकले.

आता पत्रांची गरज आहे का?
आता फोन आहे, पण धास्ती तीच. जुलै २०२० मध्ये लष्कराने जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितले. फोन बदलला की त्यातले संदेशही अनेकदा जातात. म्हणून १९६२, १९६५ किंवा १९७१ च्या युद्धातले एखादे पत्र घरच्या ट्रंकेत असेल, तर ते लॅमिनेट करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि पाकीटही जपा. ठिकाण लिहिलेले नसले तरी शिक्क्यावर तारीख आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो. आजोबा तेव्हा कुठे होते, याचा माग त्यावरूनच लागू शकतो.